वाचकांचे प्रश्न : निर्णयानंतरचे पहिले पंधरा दिवस

गेल्या अंकात या सदरातून मी वाचकांना एक विनंती केली होती. एखादा निर्णय घेतल्यानंतर त्याचे जे परिणाम लगेच, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आठवड्यात किंवा महिन्या-दोन महिन्यांत दिसू लागतात, त्यांच्याविषयीचे आपले प्रश्न त्यांनी कळवावेत. बेळगाव शहरातून आणि खानापूर, निपाणी, कागवाड या भागांतून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. चौतीस वर्षे मुलांना 'पुढचा विचार करा, आजच्यापुरते पाहू नका' असे सांगत आलो. आपण मात्र वाचकांना जवळचे परिणाम पाहायला सांगता. जवळचे पाहणे हाच माणसाचा दोष आहे, असे नाही का? आणि तो दोष त्याला शिकवावा लागत नाही.
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : गुरुजी, आपला आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मी माझ्या आजोळच्या एका गोष्टीने देतो.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी भाताची सुगी झाली की बराचसा माल खळ्यावरच विकला जाई, आणि आषाढ-श्रावणात घरी तांदूळ संपला की तोच जास्त दराने विकत आणावा लागे. आजोबांना दूरदृष्टी नव्हती, असे नातेवाईक म्हणत. मलाही लहानपणी तसेच वाटे. पुढे आजीशी बोलताना निराळेच कळले. आषाढात काय होणार हे आजोबांना पक्के ठाऊक होते, कारण ते दरवर्षीच होत होते. त्यांना दिसत नव्हता तो विक्रीनंतरचा पहिला आठवडा. माल गेला त्या संध्याकाळी उसनवारी फिटून आजोबांना मोकळे वाटे, आणि त्याच आठवड्यात आजी कणगीत हात घालून अंदाज घेई आणि भातासाठी तांदळाचे माप पाऊण करून टाके. एका निर्णयाचे हे दोन परिणाम एकाच आठवड्यात, एकाच घरात घडत होते. आजोबांनी त्यांतला एकच मोजला, कारण दुसरा स्वयंपाकघरात घडत होता आणि त्याची वाच्यता होत नव्हती.

आपण ज्याला जवळचे पाहणे म्हणता, ते बहुतेक वेळा निर्णय घेणाऱ्याला लगेच मिळणाऱ्या सुटकेकडे पाहणे असते. ती सुटका खरी असते, तिला मी कमी लेखत नाही. परंतु त्याच पंधरवड्यात आणखी काय घडेल, आणि ते कोणाच्या वाट्याला येईल, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. वीस वर्षांनंतरचे चित्र रंगवणे त्या मानाने सोपे, कारण ते पडताळून पाहायला कोणी येत नाही. पंधरा दिवसांनंतरचे चित्र मात्र पंधरा दिवसांनी आपल्यासमोर येऊन उभे राहते. म्हणून मी वाचकांना आधी तेच नीट रेखाटायला सांगतो. आपण मुलांना जे सांगत आलात त्याच्या विरोधात हे नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझा अडीच एकर ऊस उभा आहे, साधारण शंभर टन निघेल. कारखान्याची तोड फेब्रुवारीच्या अखेरीस येईल असे चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, सांगतो. मुलगी बेळगावला इंजिनिअरिंगला आहे आणि तिच्या फीचे ६० हजार रुपये जानेवारीच्या २० तारखेपर्यंत भरायचे आहेत. गुऱ्हाळवाला टनाला २,८०० रुपये रोख द्यायला तयार आहे आणि तोडणीही त्याचीच. कारखान्याकडून ३,३०० पर्यंत हाती येतील, पण कधी ते सांगता येत नाही. शेजारी म्हणतो, फड पेटवून दे म्हणजे कारखान्याची तोड चार दिवसांत येते. डोके चालेनासे झाले आहे. काय करावे?
– एक ऊस उत्पादक, कागवाड तालुका

उत्तर : आपण सर्वांत शेवटी लिहिलेल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पैशाच्या ओढाताणीत डोके चालेनासे होणे हा आपला कमकुवतपणा नव्हे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी त्याच शेतकऱ्यांना ऊस तुटण्यापूर्वी, हात आखडलेला असताना, आणि ऊसबिल मिळाल्यानंतर अशा दोन्ही वेळी बुद्धीला ताण देणारी कोडी घातली, तेव्हा बिलापूर्वी त्यांची उत्तरे अधिक चुकली. माणूस तोच, शेत तेच, फक्त खिशातली स्थिती निराळी. त्या संशोधनातील काही भागांच्या विश्लेषणावर अन्य अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. तरीही आपल्या भागात जानेवारी महिन्यात शेतकऱ्यांच्या घरी ज्याने बसून पाहिले आहे, त्याला यातले मर्म पटेल. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की हा निर्णय एकट्याने, रात्री अंथरुणावर पडून घेऊ नये. कागद घ्यावा, घरच्यांना बसवावे आणि आकडे मांडावेत.

आता ते आकडे. संपूर्ण शंभर टन गुऱ्हाळाला दिल्यास टनामागे ५०० रुपये, म्हणजे ५० हजार रुपये सोडावे लागतील. ६० हजारांची गरज भागवण्यासाठी ५० हजार सोडणे हा सौदा, असा उघडा मांडला तर, आपल्याला स्वतःलाच पटणार नाही. तो पटण्याजोगा वाटतो, कारण हातात रोख पैसे येण्याचे चित्र डोळ्यांपुढे लख्ख असते आणि न मिळालेले ५० हजार कोणाला दिसत नाहीत. फक्त पंचवीस टन गुऱ्हाळाला दिले तर ७० हजार रुपये हाती येतील आणि १२,५०० रुपये सोडावे लागतील. ६० हजार रुपये सावकाराकडून शेकडा तीन रुपये दरमहा अशा जबर व्याजाने घेतले तरी महिन्याचे १,८०० आणि तीन महिन्यांचे ५,४०० रुपये होतात. घरातले सोने बँकेत तारण ठेवून महिना एक टक्क्याच्या आसपास कर्ज मिळाले, तर तीन महिन्यांना १,८०० रुपयांच्या आसपास खर्च येईल. तोड लांबल्याने उन्हात उसाचे वजन घटते, हेही धरायला हवे. पाच टन घटले असे मानले तरी १६,५०० रुपये होतात. ते आणि सोनेतारणाचे व्याज मिळवले तरी बेरीज १८,३०० च्या पुढे जात नाही. सावकाराकडे जा असे मी सांगत नाही. त्याच्या व्याजापेक्षाही घाईची किंमत मोठी पडू शकते, एवढेच आपल्याला दिसावे म्हणून तो आकडा मांडला.

यात एक गोष्ट आपण पत्रात लिहिलेली नाही, पण ती बहुधा असणारच. गावच्या सोसायटीचे पीककर्ज आपण उचलले असेल, तर त्याची वसुली कारखान्याच्या ऊसबिलातून होत असेल. ऊस गुऱ्हाळाला गेला की ती वसुली होत नाही, कर्ज मुदतीत फिटत नाही, आणि मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळणारी व्याजाची सवलत हातची जाते. किसान क्रेडिट कार्डावरच्या ३ लाखांपर्यंतच्या कर्जालाही हाच नियम आहे. ७ टक्क्यांचे कर्ज वेळेत फेडले तरच ३ टक्के सूट मिळून ते ४ टक्क्यांना पडते. गुऱ्हाळाच्या रोख रकमेतून आपण सोसायटीचा हप्ता आधी भरणार का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. फी भरल्यावर उरलेले दहा हजार घरात किती दिवस राहतील, याचा अंदाज आपल्यापेक्षा आपल्या घरच्यांना अधिक अचूक असेल. कारखान्याशी उसाची नोंद करताना कसला करार केला आहे आणि आपण सभासद असाल तर ऊस न घातल्यास कोणते हक्क कमी होतात, तेही शेती कार्यालयात जाऊन एकदा विचारून घ्यावे.

शेजाऱ्याच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्ट लिहितो : फड पेटवू नये. तोड लवकर येते हे खरे आहे आणि म्हणूनच हा सल्ला मोहात पाडतो. पण जळालेला ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर त्यातली साखर उतरत जाते, कारखाने जळीत उसाच्या बिलातून कपात करतात, खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाला, उपयोगी पडणारे पाचट राख होते, आणि वाऱ्याने ठिणगी उडून शेजारच्या फडात गेली तर त्या रात्रीपासून जे सुरू होईल त्याचा हिशेब कोणत्याच कागदावर मांडता येणार नाही.

पुरवठ्यानंतर १४ दिवसांत उसाचे पैसे द्यावेत आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात म्हटले आहे. ते आपल्याला माहीत असावे म्हणून लिहितो, पण त्याच्या भरवशावर फीची तारीख ठरवू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस तोड आली तर पैसे मार्चच्या मध्यापर्यंत येतील असे धरले, तरी एप्रिलपर्यंतची तजवीज ठेवणे शहाणपणाचे. आणि या सगळ्याच्या आधी, उद्याच करण्यासारखे एक काम आहे. मुलीला महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन, वडिलांच्या नावाचा अर्ज देऊन, फीचे दोन हप्ते करून मिळतील का हे विचारायला सांगावे. तिने विचारले म्हणून तिचा कमीपणा होत नाही. अनेक पालकांना मी पाहिले आहे की ते टनामागे पाचशे रुपये सोडतात, पण मुलीला हा एक अर्ज करू देत नाहीत. नकार मिळालाच तर तो दोन दिवसांत मिळेल आणि बाकीचे मार्ग तेव्हाही उघडेच असतील.

प्रश्न : मी एका खासगी संस्थेत कारकून आहे, पगार २८ हजार. माझ्या धाकट्या दिरांना दुकानासाठी पतसंस्थेतून ५ लाखांचे कर्ज घ्यायचे आहे आणि त्यांना पगारदार जामीनदार हवा आहे. सासूबाईंनी माझे नाव सुचवले. दीर चांगले आहेत, कष्टाळू आहेत. सही केली नाही तर घरात काय होईल ते दिसते आहे. सही केली तर काय होईल ते दिसत नाही. मी काय करू?
– एक भगिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, आपल्या शेवटच्या दोन वाक्यांत सगळा पेच आला आहे. नकाराचा परिणाम आपल्याला दिसतो, कारण तो ओळखीच्या चेहऱ्यांवर दिसणार आहे : सासूबाईंचे गप्प होणे, जाऊबाईंचे बोलणे तुटक होणे, गणपतीला एकत्र बसताना जाणवणारे अंतर. होकाराचा परिणाम कागदावर घडतो आणि कागद घरात रुसून बसत नाही. म्हणून तो नसल्यासारखा वाटतो. तो सहीच्या दिवसापासूनच सुरू होतो, एवढे मी आपल्याला दाखवू इच्छितो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असे म्हणण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एकदा दिलेल्या कर्जाचा जामीन पुढे मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन जामीन रद्द करता येतो, पण तो चालू स्वरूपाचा, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेला असला तरच, आणि तोही पुढच्या व्यवहारांपुरता. शिवाय जामीन राहिलेल्या कर्जाची नोंद आपल्याही पत अहवालात येऊ शकते. येत्या सहा महिन्यांत आपल्याला घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे झाले, तर बँक ही नोंद पाहील. दिरांनी एकही हप्ता चुकवला नाही तरी हे घडेल, आणि हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आता हप्ता. ५ लाख रुपये पाच वर्षांसाठी १३ टक्के दराने घेतले तर महिन्याचा हप्ता ११,३७७ रुपयांच्या घरात येतो. आपल्या पगारातून तो जाऊ लागला तर १६,६०० च्या आसपास उरतील. दिरांच्या प्रामाणिकपणावर इथे शंका घेण्याचे कारणच नाही. नवे दुकान पहिल्या तीन-चार महिन्यांत स्वतःचे भाडेही काढत नाही, आणि हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. चांगल्या, कष्टाळू माणसाचाही चौथा हप्ता अडखळतो तो यामुळे. त्या महिन्यात पतसंस्थेचा फोन आपल्याला आला, तर आपण दिरांना काय म्हणाल आणि ते आपल्याला काय म्हणतील, हे संभाषण मनातल्या मनात पूर्ण होईपर्यंत ऐकावे. मला वाटते, आज नकार दिल्याने येणारे अंतर त्यापेक्षा कमी असेल आणि लवकर भरूनही निघेल.

माझा सल्ला नकाराचा आहे, पण तो कोण देतो आणि कसा देतो याला फार महत्त्व आहे. ही गोष्ट आपल्या पतीने आपल्या भावाशी बोलावी. आपण बोललात तर तो 'वहिनींचा नकार' होईल आणि वर्षानुवर्षे आपल्या नावावर राहील. दोघा भावांत बोलणे झाले तर तो घराचा निर्णय होईल. नुसता नकार देऊ नये. आपल्याला खरोखर झेपेल अशी एखादी रक्कम, मग ती २५ हजार का असेना, परत आली नाही तरी चालेल अशा मनाने द्यावी, आणि ५ लाखांऐवजी ३ लाखांत दुकान सुरू होईल का, मालापैकी काही उधारीवर मिळेल का, या हिशेबाला दोघे भाऊ एकत्र बसावेत. सासूबाईंना हे सांगण्याचे काम मात्र आपण स्वतः करावे, आणि ते त्याच दिवशी करावे. दुसऱ्याकडून कळले तर गोष्ट वाढते.

प्रश्न : मी विड्या वळते, वय ५२. दीड वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. मध्यंतरी काम कमी मिळाले म्हणून वीस दिवस गोळी घेतली नाही. काहीही झाले नाही, उलट बरेच वाटले. मग ही गोळी लागतेच कशाला? (मुलीकडून लिहून घेतले आहे.)
– निपाणी

उत्तर : मावशी, या सदरातल्या बाकीच्या पत्रांत जवळचा परिणाम नीट पाहा असे मी सांगत आहे. आपल्या बाबतीत जवळचा परिणाम फसवतो, म्हणून हे पत्र मुद्दाम निवडले.

वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, हात विड्यांवर नेहमीसारखेच चालतात. त्यामुळे गोळी थांबवल्यावर 'काही झाले नाही' असे वाटते, पण रक्तवाहिन्यांवरचा दाब त्या वीस दिवसांत वाढत गेलेला असू शकतो आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांना त्याचा त्रास आतल्या आत होत राहतो. काही प्रकारच्या गोळ्या तर अशा असतात की त्या एकाएकी बंद केल्यास दाब आणि नाडीचे ठोके दोन-चार दिवसांतच उसळतात. आपली गोळी त्यांतली आहे की नाही, ते डॉक्टरच सांगतील.

म्हणून आपण एक करावे. जे जाणवत नाही ते मोजून पाहावे. उद्या-परवा सरकारी दवाखान्यात जाऊन दाब मोजून घ्यावा, तो आकडा मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगावे, आणि वीस दिवस गोळी घेतली नव्हती हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. ते पुन्हा सांगतील तशी गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी परत मोजावा. दोन आकडे शेजारी-शेजारी दिसले की गोळी काय करते ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले कळेल. पैशाची अडचण असेल तर तीही तिथेच सांगावी, कारण रक्तदाबाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. बरे का वाटले, याचे कारण कदाचित काम कमी होते आणि पाठीला, मानेला विश्रांती मिळाली, हेही असू शकेल.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पुढचे काहीच दिसत नाही. आजोबांनी पन्नास रुपये दिले की आठवडी बाजारात दहा मिनिटांत संपवतो. अभ्यास आधी केलास तर संध्याकाळी जास्त वेळ खेळायला मिळेल, असे सांगितले तरी आत्ताच खेळायला जातो. त्याचे वडील गोव्यात कामाला असतात, महिन्यातून एक-दोनदा येतात. थांबायला कसे शिकवू?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी थोडा दिलासा देतो. मोह आवरून पुढचे पाहण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असते, त्याची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. नऊ वर्षांच्या मुलाला संध्याकाळसुद्धा फार दूर वाटते, यात काही वावगे नाही.

मुलांच्या थांबण्याविषयीचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आपण कदाचित ऐकला असेल : समोर एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचे की थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबली ती पुढे आयुष्यात अधिक यशस्वी झाली, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासून झालेल्या अभ्यासात, घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण दिसला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातला, सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग, केवळ २८ मुलांचा. त्यात गोड पदार्थ समोर ठेवण्यापूर्वी अर्ध्या मुलांना मोठ्या माणसाने 'चांगले रंग आणून देतो' असे सांगून खरोखर आणून दिले, आणि बाकीच्या अर्ध्यांना तसेच सांगून 'नाहीत रे' म्हणत हात हलवत परत आला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांचा मोडला गेला ती सरासरी ३ मिनिटे. थांबण्यात मुलाच्या स्वभावाबरोबर समोरच्या माणसावरचा भरवसाही असतो, हे त्यातून दिसते.

आपण पत्रात जाता-जाता लिहिले आहे की त्याचे वडील गोव्याला असतात. मी रागावून लिहीत नाही. घाटापलीकडे कामाला गेलेल्या माणसाची सुट्टी त्याच्या हातात नसते, हे या भागात प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण 'पुढच्या वेळी येताना आणतो', 'दिवाळीत सायकल घेऊ', 'रविवारी बेळगावला जाऊ' ही वाक्ये गेल्या वर्षभरात किती वेळा बोलली गेली आणि किती वेळा पार पडली, ते दोघांनी मिळून आठवून पाहावे. जो रविवार येत नाही त्याची वाट न पाहणारा मुलगा मला अविचारी वाटत नाही. त्याने आपल्या अनुभवावरून हिशेब केला आहे.

म्हणून पहिले दोन महिने त्याला काही शिकवू नये. मोठ्यांनीच लहान-लहान शब्द द्यावेत आणि ते काटेकोर पाळावेत. 'वडील येताना सायकल आणतील' यापेक्षा 'बुधवारी रात्री आठ वाजता वडिलांचा फोन येईल' हा शब्द बरा, कारण तो पाळता येतो. संध्याकाळच्या खेळाचेही तसेच. अभ्यास आधी केला तर अर्धा तास जास्त, असे सांगितले असेल आणि त्याने अभ्यास केला, तर त्या अर्ध्या तासात पाहुणे आले तरी, पाणी भरायचे असले तरी, त्याला हाक मारू नये.

बाजारातल्या पन्नास रुपयांचे म्हणाल, तर ते त्याला खुशाल संपवू द्यावेत. फक्त दोन गोष्टी कराव्यात. बाजारात शिरण्यापूर्वी, उपदेशाच्या सुरात नव्हे तर सहज, 'परत निघताना तुला काय घ्यावेसे वाटेल?' असे विचारावे आणि त्याने काहीही उत्तर दिले तरी पुढे काही बोलू नये. आणि पैसे संपल्यावर परतीच्या वाटेवर त्याला भेळ किंवा रंगीत भोवरा दिसला, तर आजोबांनी पुन्हा खिशात हात घालू नये. सगळ्यांत अवघड भाग तोच आहे, आणि तो मुलाचा नाही, आजोबांचा आहे. त्यांच्याशी आपण आधी, घरीच, मुलगा जवळ नसताना बोलून ठेवावे.